चार तारांचा संसार

लग्नाच्या मांडवात सनईवाल्याला शाबासकी मिळते, चौघडेवाल्याला आहेर मिळतो आणि त्यांच्या शेजारी गाल फुगवून नुसता ‘सूर’ धरून बसलेल्या इसमाला बहुधा गार झालेला चहा मिळतो. बिचारा पहाटेपासून एकच स्वर देत असतो. तो क्षणभर थांबला तर सनई उघडी पडते. पण असे का झाले, हे वऱ्हाडातल्या एकालाही सांगता येत नाही. ‘आज वाजंत्री काही जमली नाही हो,’ एवढे म्हणून मंडळी पंगतीकडे वळतात. मी गेली पन्नासांहून अधिक वर्षे या इसमाच्या जातकुळीतला आहे. फरक एवढाच, की माझ्या हातात बेस गिटार असते आणि तिच्यावर मी पोट भरलेले नाही. पोटाला विमा कचेरीतली नोकरी होती. गिटार हौसेची.

बेस गिटार म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे; कारण माझ्या सख्ख्या मावशीला ते शेवटपर्यंत कळले नाही. साध्या गिटारीला सहा तारा, हिला चार. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ कंपने करते; हिची ४१, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आपल्या गवयांच्या भाषेत निव्वळ खर्ज. ती तार पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि चारही तारांचा ताण मिळून पाऊणशे किलोंच्या घरात जातो. वाद्याचे वजन चार किलो, लांबी चार फुटांना थोडी कमी. गिरगावातून लोकलने ते नेताना ‘सतार का हो?’ हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, याची मोजदाद नाही. सुरुवातीला मी खुलासा करीत असे. पुढे पुढे ‘हो, सतारच’ म्हणून खिडकीबाहेर बघू लागलो.

मावशीची हकिकत अशी. १९७६ सालच्या गणेशोत्सवातला आमचा कार्यक्रम कोणाच्या तरी दुबईहून आलेल्या टेपरेकॉर्डरवर भरला होता. ती फीत मी कौतुकाने मावशीला ऐकवली. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, “सगळं छान आहे रे, पण यात तू कुठे आहेस?” तिचे चुकले नव्हते. तीन-चार इंची स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडूच शकत नाही. मौज अशी, की तरीही तो ऐकू येतो. प्रत्येक स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची पिले बाहेर पडत असतात; स्पीकर पिले तेवढी सोडतो आणि त्यांच्यावरून न आलेल्या आईचा हिशेब आपला मेंदू करतो. म्हणजे मावशीने मला ऐकले होते, फक्त तिला पत्ता नव्हता!

हे वाद्य तसे वयाने लहान. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यमेळात खर्जाचे काम डबल बेस करीत असे. तो पुरुषभर उंचीचा, उभ्याने वाजवायचा, गावाला न्यायचा म्हणजे टपावर बांधून न्यायचा. विजेवर चालणारे सुटसुटीत खर्जाचे वाद्य करण्याचे प्रयत्न १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाले, पण ते चालले नाहीत. मग १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या गृहस्थांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. डबल बेसवर बोट केसभर सरकले तर स्वर बिघडतो. फेंडरसाहेबांनी सतारीसारखे पडदे बसवले आणि ती काळजी मिटवली. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच.

तरी हे वाद्य आपणहून हाती घेणारे थोडेच. १९६१ साली हॅम्बुर्ग मुक्कामी बीटल्स मंडळींतला बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बाजूला झाला, तेव्हा ते काम घ्यायला कोणी राजी नव्हते. अखेर ते पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. आमच्या कॉलेजात १९६८ साली तेच घडले. आम्ही चौघे. एकाकडे ड्रम, आणि उरलेल्या तिघांनाही पुढे उभे राहून गिटार वाजवायची होती. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर निघाले ‘बेस’. मला वाटते, पृथ्वीवरच्या निम्म्या बेसवाल्यांचा इतिहास याहून निराळा नसेल.

वाद्य आणायचे कुठून? परदेशी माल मागवायला परवाना हवा, तो मिळाला तर जकात हवी. धोबीतलावला फुर्टाडोच्या काचेपलीकडची वाद्ये आम्ही देवदर्शनासारखी बाहेरून पाहत असू. म्हणून माझी पहिली बेस गिटार गिरगावातल्या एका पलंग करणाऱ्या सुताराने केली. सागाच्या फळीचे अंग, सागाचीच मान. त्यामुळे ती इतकी जड झाली, की पट्ट्याने डाव्या खांद्यावर कायमचा वळ उठला. पडदे कुठे बसवायचे याचे गणित मात्र पक्के असते. तारेचा वाजणारा भाग ३४ इंच धरायचा, त्याला १७.८१७ ने भागायचे, आले १.९ इंच, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, तिथे दुसरा. असे वीस पडद्यांचे वीस भागाकार मी चाळीच्या गॅलरीत बसून केले. पुढे विमा कचेरीत मी हप्त्यांच्या कोष्टकांत रमलो, त्याची ही पूर्वतयारी म्हणायची.

तारेची थरथर उचलून तिची वीज करणारे यंत्र, ज्याला आम्ही पिकअप म्हणतो, ते म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते लॅमिंग्टन रोडवरच्या एका रेडिओवाल्याने शिवणयंत्राच्या चाकावर गुंडाळून दिले. तारा तेवढ्या विकत घेतल्या. त्या इतक्या महाग, की वाजवून वाजवून बोथट झाल्या तरी टाकवत नसत. सोड्याच्या पाण्यात उकळल्या की मळ निघून पुन्हा काही दिवस खणखणत. आमची आई एरवी शांत बाई. पण डाळीच्या पातेल्यात तारा शिजताना बघून तिने जे काही ऐकवले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

खरी तारांबळ स्पीकरची. खर्ज बाहेर काढायचा तर स्पीकरच्या कागदी पडद्याला फार पुढेमागे जावे लागते. स्वर एक सप्तक खाली गेला, की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याची धाव चौपट होते. सभांसाठी बनवलेल्या स्पीकरांना हा व्यायाम सोसत नाही. पहिल्या दोन वर्षांत माझे तीन स्पीकर फाटले. तिसरा फाटला तेव्हा त्याला आम्ही पतंगाचा कागद खळीने चिकटवला आणि गणपतीचे दहाही दिवस काढले.

आमचे आप्पा चाळीतल्या भजनी मंडळात तबला वाजवीत. विलायती संगीताबद्दल त्यांचे मत चांगले नव्हते, पण मी घरी सराव करताना ते एकदा दारात उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “हा तुझा डग्गाच की रे!” त्यानंतर त्यांनी मला कधी हटकले नाही. उलट शेजारी तक्रार घेऊन आले की सांगत, “अहो, तो डग्ग्याचा सराव करतोय.”

आप्पांची उपमा बरोबर होती, पण अर्धीच. डग्गा ताल धरतो. बेस ताल धरतो आणि शिवाय स्वरांचा पायाही घालतो. हे उदाहरणाने सांगतो. समजा, गिटारवाला सा, ग आणि प असे तीन स्वर एकदम छेडतो आहे. खाली मी सा दिला, तर तो मेळ उजळ, हसरा वाटतो. आता गिटारवाल्याने बोट हलवायचे नाही. मी फक्त सा सोडून खालचा ध द्यायचा. तत्क्षणी साऱ्या मेळाचा चेहरा बदलतो, हसरा होता तो विचारात पडल्यासारखा दिसू लागतो. गाणारा तोच, गिटारवाला तोच, ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र काही तरी हलले. कोणी हलवले हे त्याला कळत नाही. या चोरट्या सत्तेची चटक एकदा लागली, की माणूस पुढे उभे राहण्याची हौस विसरतो.

तो काळही आमच्या बाजूचा होता. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा होत. १९७० आणि १९७१ सालच्या स्पर्धकांच्या तबकड्याही निघाल्या. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘जाझ यात्रा’ झाली, तेव्हा मी कचेरीत किरकोळ रजा टाकून उघड्या आकाशाखाली बसलो आणि डबल बेसवाल्यांची बोटे डोळ्यांनी पिऊन घेतली. चित्रपटसंगीतात तर राहुलदेव बर्मन यांनी बेसला मानाचे पान दिले. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. गाणी घरोघर गेली. वाझ यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? तबकडीवर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती.

ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असे नव्हे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवला तो जेम्स जेमर्सन यांनी. उजव्या हाताचे एकच बोट वापरीत आणि तारा तुटल्याखेरीज बदलीत नसत. (हे वाचल्यावर मला सोड्याच्या पाण्याची आठवण झाली.) त्यांचे नाव तबकडीवर यायला १९७१ साल उजाडले, ते मार्विन गे यांच्या तबकडीवर आले. १९८३ साली जेमर्सन वारले.

आता आमच्या ड्रमरविषयी. बेसवाल्याच्या आयुष्यात ड्रमर म्हणजे बैलजोडीतला दुसरा बैल. हा मूळचा गोव्याचा, राहायला माझगावला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईची हॉटेले आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. याच्या घरी तीन पिढ्या तेच. ड्रमवाल्याच्या उजव्या पायाखाली मोठा ढोल असतो आणि डाव्या पायाखाली हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. बेसने ढोलाशी लग्न लावायचे आणि झांजांवर नजर ठेवायची. म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्याच्या डाव्या हाताला, झांजांना खेटून उभा राहिलो. तिथेच एक्कावन्न वर्षे उभा होतो. आमच्यात बोलणे फार होत नसे. त्याच्या मुलीच्या परीक्षेचा निकाल मला तिसऱ्याच माणसाकडून कळे, पण तो आज कोणत्या ठेक्यात थोडा रेंगाळणार, हे मला तो बसतानाच समजे.

१९७४ साली मरीन ड्राइव्हजवळच्या एका हॉटेलातून आम्हा दोघांना बोलावणे आले. रात्री नऊ ते एक, आणि पगार माझ्या कचेरीच्या पगाराहून थोडा जास्तच. तो गेला. मी गेलो नाही. याला काही जण त्याग म्हणतात, काही जण भित्रेपणा. दोन्ही खरे नाही. बहिणीचे लग्न व्हायचे होते, हे एक. दुसरे असे, की मी दोन रात्री तिथे जाऊन कोपऱ्यात बसून पाहिले. तीच तीस-पस्तीस गाणी रोज, कोणी ऐकत नसताना, काटे-चमच्यांच्या आवाजावर. ते माझ्याने झाले नसते. त्याच्याने झाले, अकरा वर्षे झाले, कारण त्याचे घर त्यावर चालत होते. मी त्याला नेहमी माझ्याहून मोठा वादक मानत आलो ते याचसाठी. आणि रात्री एकला हात झटकून घरी गेलेला हा माणूस रविवारी सकाळी दहाला हॉटेलातले बन घेऊन आमच्या सरावाला हजर असे, बिनपैशाचे वाजवायला!

पुढे कीबोर्ड आले. १९८५ च्या सुमारास ऑर्केस्ट्रांतून ‘कॅसिओ’ हा शब्द सगळ्याच कीबोर्डांना लावीत. उजव्या हाताने व्हायोलिन, डाव्या हाताने बेस. एका माणसात दोन माणसे. हॉटेलांनी बँड मोडले, त्यात आमच्या ड्रमरची नोकरी गेली. मी ज्या ऑर्केस्ट्रात हौसेने, बिनपैशाचा वाजवीत होतो, तिथले व्यवस्थापक एका संध्याकाळी अगदी अदबीने म्हणाले, “साहेब, तुम्ही या, पुढच्या रांगेत बसा, चहा घ्या. बेस आता कीबोर्डावरच होतो.” फुकट माणूसही परवडेनासा झाला! मी खरोखरच पुढच्या रांगेत बसून ऐकले. स्वर सगळे बरोबर होते. पण डाव्या हाताला श्वास नव्हता. तार सोडताना बोट जी किंचित कुरकुर करते, ती नव्हती. शेजारच्या बाईंना विचारले, “कसं वाटतंय?” म्हणाल्या, “छान. जरा यंत्रासारखं, पण छान.”

मग आम्ही आमच्यापुरते वाजवू लागलो. माझगावच्या त्याच्या बाहेरच्या खोलीत, महिन्यातून दोन रविवार. पॅरिशच्या जत्रेत, कोणाच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवात. घरी आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, “अहो, तुमचा तो चौतारा वाजवा हवा तेवढा, पण दूध उतू जाताना हाक मारली तर ऐकत जा.”

हे ऐकण्याचे प्रकरण थट्टेवारी नेण्यासारखे उरले नाही. साठीनंतर मला माणसांचे बोलणे ऐकू येई, पण कळेना. नात ‘साखर’ म्हणाली की ‘भाकर’ ऐकू यावी. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. डावीकडे, खर्जाच्या बाजूला रेघ सरळ; ४००० कंपनांपाशी एकदम दरड कोसळल्यासारखी खाली. उजवा कान जास्त गेलेला. डॉक्टरांनी विचारले, “काका, कारखान्यात होता का?” मी म्हटले, “नाही, झांजांशेजारी होतो.” दणक्याने होणारे बहिरेपण बहुधा याच जागी सुरू होते, आणि स, फ, थ ही व्यंजने तिथून वरच्या मुलखात राहतात. कानांत बोळे घालण्याची पद्धत आमच्या काळी कोणाला माहीत नव्हती. म्हणजे ज्या खर्जाच्या मागे मी जन्मभर राहिलो, तो शाबूत. आणि नातीचा स गेला. आता श्रवणयंत्र आहे. त्याने साखर परत आली, पण वाजवताना ते काढून ठेवावे लागते, नाही तर ढोलाच्या ठोक्यागणिक ते खोकते.

यंत्र काढले, की झांजा नाहीत. ढोल पोटात लागतो, तो चुकत नाही. पण दोन ठोक्यांमधली वाट झांजा दाखवतात. मी हे कोणाला सांगितले नाही. ड्रमरच्या डाव्या पायाकडे बघून वाजवू लागलो. टाच वर गेली, पंजा खाली आला, म्हणजे झांज मिटली. एवढ्यावर मी पुढची काही वर्षे निभावली. मध्यंतरी माझ्या लक्षात आले, की हा अलीकडे टाच पूर्वीपेक्षा बरीच उंच उचलतो. सत्तरीच्या माणसाला हा विनाकारण त्रास. मला वाटले, गुडघ्याचे काही असेल. विचारले तर म्हणाला, “वाजव तू.”

२०१९ साली तो गेला. महिन्याच्या मिस्सानंतर पॅरिशच्या हॉलमध्ये थोडे वाजवायचे ठरले. ड्रमवर त्याचा मुलगा बसला. मी आपल्या जागी, झांजांशेजारी. मुलाने वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्या चार मात्रांतच मी त्याच्या पायाकडे पाहिले. टाच उंच गेली होती, बापाएवढीच. गाणे संपल्यावर मी जवळ जाऊन विचारले. तो म्हणाला, “अंकल, पप्पांनी सांगितलं होतं. तुझ्यासाठी टाच वर ठेवायची.”

त्यानंतर डाव्या हाताचे तिसरे बोट अडकू लागले, तेव्हा मी ३४ इंची वाद्य ठेवून दिले आणि ३० इंची आणले. पडदे जवळ जवळ आले, बोटांना कमी पसरावे लागते. मॅकार्टनीचे प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराचे वाद्यही याच मापाचे. सागाची जुनी बेस गिटार माझगावला भिंतीवर आहे. तिच्या तारा मुलगा अधूनमधून उकळतो. गरज नसते, आता तारा मिळतात. पण त्याला ती रीत आवडली आहे. पातेले मात्र त्याने वेगळे ठेवले आहे.